बाँबच्या भुयारात योसेफ मास्तर

"बाँबचं भुयार म्हणजे काय, माझ्या घरचं माजघर आहे!" असं म्हणून योसेफ मास्तरांनी टेबलावर अशी थाप मारली की दौतीतली शाई दचकून बाहेर आली.

हे वाक्य बोलायला एक श्वास पुरला. निस्तरायला अख्खी दुपार लागली, आणि तरीही ते पुरतं निस्तरलं असं कुणी म्हणणार नाही.

साल पासष्टचं, महिना सप्टेंबर. सरहद्दीवर लढाई जुंपली होती आणि दौंडात जो तो मान वर करून चालत होता. रेल्वेचं जंक्शन, इंजिनांचं शेड, चहूकडे फुटलेले रूळ! शत्रूच्या विमानाला दिल्ली सापडो न सापडो, दौंड सापडणारच, अशी दौंडकरांची खात्री होती. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. खिडक्यांना काळे कागद, सायकलच्या दिव्यांना काळी फडकी, आणि आभाळात घार जरी घिरट्या घालायला लागली तरी बायका दोरीवरची धुणी उचलून घरात पळत.

त्या दिवशी एबेनेझर विद्यालयात कमिटीचे चेअरमन पोपटराव आले होते. भीमेकाठचे ऊसवाले बागायतदार. शाळा मिशनची, पण गोरे साहेब मायदेशी गेल्यावर कमिटीत गावची मंडळी शिरली होती, आणि पोपटराव तर असे शिरले होते की आधीपासून तिथंच होते असं वाटावं.

"दोन कामं हायती," पोपटराव म्हणाले. "पुण्याचा नागरी संरक्षणाचा सायब आज दुपारच्यालाच येतोय. पोरास्नी लपवायची काय सोय हाय ते बघणार. आन् दुसरं, हेडमास्तराची खुर्ची रिकामी पडलीय. आता मला ऊस सोडून दरसाल हेडमास्तर धुंडाळायला येळ न्हाई. अठ्ठावन्न भरलं की मास्तर घरी, ह्यो कायदा. तवा खुर्चीवर बसंल त्याच्याजवळ निदान पाच वर्सं शिल्लक पायजेत. योसेफ मास्तर, तुमचं वय काय?"

"बावन्न!"

खोटं बोलणारा माणूस एकतर फार थांबतो, नाहीतर मुळीच थांबत नाही. मास्तर दुसऱ्या पठडीतले. दप्तरात बावन्नच होतं, हे मात्र कबूल करायला हवं. लहानपणी शिरूरच्या मिशन शाळेत नाव घालताना पाद्री साहेबांनी अंदाजानं तारीख लिहिली होती, आणि साहेबांच्या त्या अंदाजाला मास्तरांनी जन्मात कधी दुखवलं नव्हतं. खरं वय फक्त दोघांना ठाऊक होतं. एक देव आणि दुसऱ्या मास्तरांच्या पत्नी दबोराबाई. किती, ते आत्ता विचारू नका. दौंडला कळेल तेव्हा तुम्हालाही कळेल.

कोपऱ्यात ड्रिलचे हौसराव मास्तर बसले होते. वयानं पस्तिशीचे आणि नात्यानं पोपटरावांच्या मेहुण्याचे साडू. खुर्चीवर त्यांचाही डोळा होता, आणि तो डोळा त्यांनी आता हळूच बारीक केला.

"मास्तर, मागल्या लढाईत तुम्ही इथं वॉर्डन होता म्हणता. गळ्यात शिट्टी, डोक्याला लोखंडी टोपी. तवा तर पोक्त माणसालाच वॉर्डन करायचे म्हणं."

"मी लवकर पोक्त झालो!" मास्तर ओरडले.

आणि वयावरची गाडी दुसऱ्या रुळावर नेण्यासाठी त्यांनी घाईघाईनं ते माजघराचं वाक्य टाकलं. शाळेच्या मागं ख्रिस्ती देवळाच्या अंगाला मातीचा एक उंचवटा होता. जपानी बाँबची आवई उठली होती तेव्हा लष्करानं तिथं विटांचं पक्कं भुयार बांधून घेतलं होतं. लोखंडी दार, खाली उतरायला पायऱ्या, वर हवेसाठी एक नळकांडं. लढाई संपली, कुलूप लागलं, ते लागलंच. पोरं म्हणत, आत एक गोरा सोजीर बसलाय आणि त्याला लढाई संपल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

"मंग उघडा ते, झाडा, आन् सायबाला दावा," पोपटराव उठत म्हणाले. "सायब खूश झाला तर खुर्ची तुमची. वयात तर बसताच की तुम्ही!"

"बसतो म्हणजे काय, ऐसपैस बसतो!" मास्तर म्हणाले.

हौसराव हसले. ते हसू मास्तरांच्या पोटात जाऊन बसलं ते दिवसभर उठलं नाही.

मास्तर जेवायला घरी गेले. घर मिशनच्या कंपाउंडातच, शाळेपलीकडं.

"अहो, परत बावन्न सांगितलंत?" दबोराबाईंनी विचारलं.

"दप्तरात आहे तेच सांगितलं."

"आन् देवाच्या दप्तरात?"

"देव कमिटीवर नाही!"

"तसं बोलू नये. माझा बन्यामीनदादा आन् तुम्ही एका वयाची, एका दिवशी बाप्तिस्मा घेतलेली माणसं. तुमचं वय मला इसरायचं म्हणलं तरी इसरता येत न्हाई. मी होऊन सांगायची न्हाई हो. पण कुणी तोंडावर इचारलं तर मला खोटं बोलवायचं न्हाई."

"कुणी विचारलं तर चूल विझलीय म्हण आणि आत जा."

"आन् चूल पेटलेली असली तर?"

मास्तरांनी ताटातच हात धुतला. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईला एक साधी थाप शिकवता आली नाही, याचं त्यांना त्या क्षणी फार वाईट वाटलं.

आता एक गोष्ट मास्तरांनी कुणालाच सांगितलेली नव्हती, म्हणून ती मला सांगायला हवी. ते वॉर्डन होते हे खरं. शिट्टी फुंकायचे, बायकापोरांना भुयारात लोटायचे, "घाबरू नका!" असं दारातून ओरडायचे, हेही खरं. पण स्वतः ते एकदाही खाली उतरले नव्हते. अंधाराची त्यांना अशी भीती वाटे की डोक्यावर बाँब परवडला. "सर्वांत शेवटी मी" असं म्हणून ते दारात उभे राहत, आणि लोक म्हणत, काय हा त्याग!

दुपारी ते येशुदासला घेऊन उंचवट्याशी गेले. हातात मागून आणलेली बॅटरी.

येशुदास म्हणजे शाळेचा शिपाई आणि देवळाचा घंटावाला. माणूस सरळ, पण घंटेच्या बाबतीत कडक. कंपाउंडात घंटेच्या दोनच चाली होत्या. भराभर वाजली की शाळा भरली नाहीतर उपासना सुरू झाली. सावकाश, एकेक ठोका, मध्ये अख्खी प्रार्थना म्हणून होईल एवढी जागा सोडून वाजली, की कुणीतरी गेलं. आणि गेलेल्याचं जेवढं वय तेवढे ठोके. पहिल्या पाद्री साहेबानं ही रीत आपल्या मुलखातून आणली होती; साहेब गेला, रीत राहिली. ती घंटा लागली की कंपाउंडातलीच काय, बाजारातली माणसंसुद्धा हातातलं काम थांबवून मोजायची. ठोके विशी-पंचविशीत थांबले की बायका डोळ्यांना पदर लावत. सत्तरीच्या पुढं गेले की कुणीतरी म्हणे, "सुटला बिचारा," आणि तराजू पुन्हा हलू लागे.

कुलूप दगडानं फुटलं. दार उघडताना असं कण्हलं की मास्तरांनाही कण्हावंसं वाटलं. आतून गार, शिळा वास आला.

"मास्तर, मी येऊ का संगं?" येशुदासनं विचारलं.

मास्तरांच्या मनात "हो" होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण पलीकडं शाळेच्या व्हरांड्यात हौसराव हाताची घडी घालून उभे होते.

"छे! तू दार धरून उभा राहा. आणि हे बघ, मला काही झालं..." मास्तरांनी बॅटरी उगाच लावून विझवली. "तसं काही होत नाही. पण झालंच, तर घंटा वाजव. माणसं जमव."

"वाजवतो की," येशुदास म्हणाला. आणि त्यानं मास्तरांकडं जरा निरखून बघितलं. शिंपी गिऱ्हाइकाकडं बघतो ना, तसं.

मास्तर उतरले. पायऱ्या शेवाळलेल्या. धीर यावा म्हणून त्यांनी एक गीत गुणगुणायला घेतलं. दुसऱ्याच ओळीला आवाज घरी निघून गेला. बॅटरीचा उजेड भिंतीवर असा थरथरत होता, की जणू उजेडालाच हिवताप भरलाय. बाकं दिसली. वाळूच्या बादल्या दिसल्या. "काहीही नाही," मास्तर स्वतःला म्हणाले, "फक्त जुनं सामान आहे," आणि त्यांनी बॅटरी समोरच्या भिंतीवर फिरवली.

भिंतीशी ओळीनं माणसं उभी होती! मुंडकी तेवढी दिसत होती. वाटोळे काचेचे डोळे, नाकाच्या जागी सोंड, आणि सगळी मास्तरांकडंच बघत होती!

मास्तरांनी जी किंकाळी फोडली, तिला लोको शेडमधल्या एका इंजिनानं उलट शिट्टी दिली असं लोक अजून सांगतात. इकडं येशुदासच्या हातून दार सुटलं. धाडकन! बाहेरची कडी आपोआप पडली आणि गंजलेल्या खोबणीत अशी रुतली की येशुदासनं दोन्ही हातांनी ओढली तरी ढिम्म हलेना.

"मास्तर! ओ मास्तर!"

मास्तर खाली पायरीवर आडवे झाले होते. बॅटरी कुठं गेली पत्ता नाही. वाचा बसलेली. आणि वाचा असती तरी ते बोलले नसते. कारण सोंडवाल्या मंडळींना आपण नेमके कुठं पडलोय हे कळू नये, अशी त्यांची इच्छा होती.

येशुदासनं आणखी दोन हाका मारल्या. कान लावून ऐकलं. मग सावकाश डोक्यावरची टोपी काढली आणि निघाला.

आता घंटा वाजवायची म्हणजे पहिलं काम काय? ज्यानं आयुष्यभर ते केलंय त्याला सांगावं लागत नाही. येशुदास थेट मास्तरांच्या घरी गेला. दबोराबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"बाई," येशुदास टोपी छातीशी धरून म्हणाला, "मास्तरांचं वय किती वो?"

दबोराबाईंनी सूप घट्ट धरलं. कमिटीनं अखेर माणूस धाडलाच!

"चूल विझलीय," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

"बाई, वय सांगा. थांबता यायचं न्हाई."

"चूल... कशाला पायजे वय?"

"घंटा वाजवायचीय."

सूप पडलं. तांदूळ अंगणभर झाले. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि काहीतरी पुटपुटल्या. मग येशुदासनं खाली वाकून ऐकलं, मान हलवली, आणि देवळाकडं चालू लागला.

भुयारात तोवर मास्तर सावरले होते. धडपडत उठताना त्यांचा हात एका सोंडेला लागला. रबर! मऊ, मेलेलं रबर! आणि एकदम डोक्यात उजेड पडला. अरे, हे तर विषारी वायूचे मुखवटे! लढाईत हेच मुखवटे आपण दारात उभं राहून लोकांना वाटायचो! मास्तर एकटेच मोठ्यानं हसले. हसणं भुयारात फिरून परत आलं, तेव्हा त्यांनी ते तिथंच थांबवलं. दार चाचपलं. बंद! ढकललं, लाथ मारली. बंदच!

"हरकत नाही," ते म्हणाले. "येशुदास घंटा वाजवील."

टण्ण!

"शाबास!" मास्तर म्हणाले. छतातल्या नळकांड्यातून आवाज स्वच्छ येत होता. आता माणसं धावत येतील, साहेब यायच्या आत दार उघडेल.

टण्ण!

"अरे, भराभर वाजव की."

टण्ण!

ही तर... ही तर गेलेल्या माणसाची घंटा! कोण गेलं? मास्तरांनी कंपाउंडातली सगळी आजारी माणसं आठवून बघितली. कुणीच जाण्यासारखं नव्हतं. मग हळूहळू, अगदी नाइलाज झाल्यावर, त्यांनी स्वतःचं नाव घेतलं.

तोवर वर पावलांचा आवाज सुरू झाला. नळकांड्यातून माणसांचं बोलणं थेट कानात.

"योसेफ मास्तर गेलं! भुयारात पाऊल ठेवलं आन् गेलं!"

"अगं बाई! कालच माझ्याकडनं वांगी नेली," हा आवाज भाजीवाल्या साखरबाईचा. "निवडून निवडून घ्यायचा, वर दोन फुकट उचलायचा. पर हसून उचलायचा हो! तसं हसणारं गिऱ्हाईक परत मिळायचं न्हाई."

"देवमाणूस!" हा तर हौसरावांचा आवाज! "असा विद्वान दौंडात झाला न्हाई. मी तर त्यांना गुरू मानायचो."

मास्तर ओरडायला तोंड उघडून उभे होते. ते तोंड त्यांनी हळूच मिटलं. माणूस जिवंत असताना हौसरावसारख्यांच्या तोंडून असं ऐकायची संधी कितीदा मिळते? अजून थोडं ऐकावं, मग हाक मारावी. घाई कसली? येशुदासनं वय शाळेत विचारलं असणार. दप्तरात बावन्न. बावन्न ठोके पडतील, पोपटरावही ऐकतील, उलट पक्कं होईल!

टण्ण! वीस झाले होते. मास्तर अंधारात बाकावर टेकले आणि कान टवकारून बसले.

"रडू नको गं दबोरा," साखरबाई म्हणत होती. "धीर धर. येशुदास तुझ्याकडंच आलता व्हय गं वय इचारायला?"

"व्हय गं," हुंदका. "माझ्याकडंच आलता."

मास्तर बाकावरून असे उठले की डोकं छताला आपटलं.

"थांबव!" ते नळकांड्याखाली जाऊन बोंबलले. "घंटा थांबव रे! थांबवा!"

पण नळकांडं गंजलेलं, वाकलेलं, अर्धं मातीनं बुजलेलं. आत गेलेलं "थांबवा" बाहेर येताना "हूंऽऽऽबाऽऽ" होऊन आलं.

वर एकच पळापळ झाली.

"सोजीर! गोरा सोजीर बोलला!"

"इंग्रजीत बोलला!"

टण्ण! तीस.

बावन्नाच्या आत ही घंटा थांबलीच पाहिजे! मास्तरांनी वाळूची बादली उचलून दारावर हाणली. बादलीचं बूड निघून पायावर पडलं. ते आणखी जोरात बोंबलले, आणि सोजीर आणखी जोरात इंग्रजी बोलला. एवढ्यात वर मोटारीचा आवाज आला.

"काय चाललंय हे?" हा परका, पुण्याचा आवाज. साहेब! "हवाई हल्ल्यात माणसांनी पांगायचं असतं! तुम्ही अख्खं गाव उघड्यावर गोळा केलंय! वरून बघणाऱ्याला आणखी काय हवं?"

"सायब, हल्ला न्हाई, मयत हाय," पोपटराव म्हणाले. "आमचं मास्तर तुमच्यासाठी भुयार बघाया गेलं आन्..." आणि पोपटरावांनी नाक शिंकरलं. "हेडमास्तर करणार होतो वो त्यास्नी! आता कुठनं आणू तसा माणूस?"

खुर्ची! खुर्ची जवळजवळ मिळालीच होती! आणि पस्तीस, छत्तीस... दोर ओढणारा तो येशुदास आता खुर्चीच ओढतोय असं मास्तरांना वाटायला लागलं. ते घशाच्या शिरा ताणून ओरडले, "अगं ए! अगं ए, ऐकतेस का!"

वर लोक आणखी मागं सरकले.

"थांबा," दबोराबाई म्हणाल्या. "ह्ये त्येच हायती."

"बाई, तो सोजीर हाय."

"सोजीर मला 'अगं ए' कशाला म्हणंल?"

रेल्वेचा गँगमन संपत पहार घेऊन धावला. कडी काही केल्या सुटेना. पहारीचा एकेक घाव आणि घंटेचा एकेक ठोका असे आलटून पालटून मास्तरांच्या काळजावर पडत होते. त्रेचाळीस. चव्वेचाळीस. आतून मास्तर ओरडत होते, "संपत, लवकर! जीव चाललाय!" आणि लोकांना वाटत होतं, हवा कमी पडतेय.

सत्तेचाळिसाला कडी तुटली. दार उघडलं. मास्तर बाहेर आले. डोक्यावर टेंगूळ, अंगभर कोळ्याची जाळी, धोतराला वाळू. लोकांनी आनंदानं आरोळी ठोकली. दबोराबाई हसत होत्या आणि रडत होत्या. पोपटरावांनी तर मास्तरांना मिठीच मारली.

"मास्तर! आवो, जिते हाय तुम्ही!"

"घंटा!" मास्तर त्या मिठीतून गुदमरत म्हणाले. "आधी घंटा थांबवा!"

"व्हय व्हय! ए येशुदास! थांबव, मास्तर जिते हायती!"

घंटेचा मनोरा हाकेच्या अंतरावर होता. येशुदासनं वळून मास्तरांकडं बघितलं. ओळख पटली. आनंदानं हात हलवला. आणि दोर ओढला. टण्ण!

"अरे, मी जिवंत आहे!" मास्तर किंचाळले.

"दिसतंय की मास्तर, लई बरं वाटलं!" येशुदास तिथूनच ओरडला. "पर सुरू केलेली घंटा मधीच सोडता येत न्हाई. उरलेली वर्सं दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जात्यात. तुमच्या पायी गावावर पाप कशाला?"

ज्यांनी हे ऐकलं त्यांनी सगळ्यांनी माना डोलावल्या. उरलेली वर्षं कुणालाच नको होती.

टण्ण! एकोणपन्नास. पन्नास. हौसराव बोटं दुमडत होते. मास्तरांनी ते बघितलं. आता काय करावं? आवाज करावा! मोठा आवाज करावा, म्हणजे ठोके बुडतील! ते खोकले. साहेबांना भुयाराची लांबी-रुंदी ओरडून सांगायला लागले. एक्कावन्न. काही बुडेना. मग एकदम सुचलं. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बंधुभगिनींनो, प्रार्थना करू या!"

आणि हीच ती चूक. कारण प्रार्थना म्हणताच त्या कंपाउंडातल्या माणसांना एकच गोष्ट ठाऊक होती. त्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले आणि ती गप्प झाली. त्यांचं बघून बाजारची माणसं गप्प झाली, साहेब गप्प झाले, पोपटरावांनी टोपी काढली. तान्ही पोरंसुद्धा गप्प! इतकी शांतता दौंडात लढाई सुरू झाल्यापासून झाली नव्हती. आणि मास्तरांचा घसा, इतका वेळ सोजिराचं इंग्रजी बोलून बोलून बसलेला, पहिल्याच वाक्याला फाटला.

टण्ण! बावन्न.

मास्तरांनीही डोळे मिटले. "देवा," ते पुटपुटले, आणि यावेळी ती खरी प्रार्थना होती, "एवढ्यावर थांबव."

टण्ण!

शांततेत कुणीतरी हलकेच "त्रेपन्न" म्हणालं. हौसरावच. टण्ण! टण्ण! मधल्या प्रत्येक जागेत एक अख्खा माणूस वितळून जाईल असं मास्तरांना वाटत होतं. छप्पन्न. टण्ण! सत्तावन्न. मास्तर दात आवळून पुढच्याची वाट बघत राहिले. वाट बघितली. आणखी बघितली.

घंटा थांबली होती.

मास्तरांनी एक डोळा उघडला. समोर पोपटराव. त्यांचे दोन्ही उघडे.

"आमेन," पोपटराव म्हणाले. "मास्तर, सत्तावन्न."

"दप्तरात बावन्न आहे हो पोपटराव. पाद्री साहेबांनी अंदाजानं..."

"दप्तर सायबानं लिवलं. घंटा तुमच्या बायकोनं लिवली. कुणाचं खरं धरू, तुम्हीच सांगा."

मास्तर धोतराची वाळू झटकू लागले.

"हौसराव," पोपटराव मान वळवून म्हणाले, "सोमवारपासनं खुर्ची तुमची. आन् मास्तर, तुम्ही मन खट्टू करू नगा. एक वर्स तर एक वर्स, शिल्लक हाय ना? पोरास्नी भूगोल शिकवा तवर."

"शिकवतो," मास्तर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आता जे होतं ते दुःख नव्हतं, असं नीट बघणाऱ्याला वाटलं असतं. कोड्यात पडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. पण नीट बघायला कुणी मोकळं नव्हतं. साहेब गर्दीला पांगायचं कसं ते शिकवत होते आणि गर्दी ते शिकायला आणखी जवळ येत होती.

मास्तर लंगडत घराकडं निघाले. दबोराबाई त्यांच्या अंगावरची जाळी काढत शेजारून चालल्या. मनोऱ्याच्या बाजूनं जाताना मास्तर थांबले.

"काय गं," ते कुजबुजले, "जन्मात कधी खोटं बोलली नाहीस. आज घंटेला कमी सांगितलंस?"

दबोराबाईंचे डोळे पुन्हा भरून आले.

"मला वाटलं, तुम्ही गेलात. जाणाऱ्याला कायतरी द्यावं हो. दुसरं काय होतं माझ्यापाशी? म्हणलं, एक वर्स तरी तरणा जाऊ दे माझा माणूस. आता तुम्ही हायतच, तर सांगून टाकते समद्यांना. तुमचं अठ्ठावन्न..."

मास्तरांनी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल गं! येशुदासनं अजून दोर सोडलेला नाही!"